कारखाना आणि वस्ती



नागपूरचे ऊन संध्याकाळीसुद्धा मागे हटावयास तयार नसते, अशा दिवसांत आपण एवढ्या संख्येने येथे जमला आहात, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. माझे शाळेतले शिक्षण आठवीत थांबले. पुढचे जे काही झाले, ते थोडे वाचनालयात आणि बरेचसे कारखान्यांच्या फाटकांवर झाले. तेव्हा माझ्याकडून पांडित्याची अपेक्षा कृपा करून ठेवू नये.

चालकांनी मला विषय दिला, तो उद्योगधंदे आणि स्थानिक लोकसंस्था यांच्या सहकार्याचा. मालकाशी कसे भांडावे, हे विचारले असते तर मी लगेच उभा राहिलो असतो; मालकाबरोबर मिळून काय करावे, असे विचारल्यावर मी क्षणभर गोंधळलो. पण मग वाटले की, ज्याला भांडण नीट करता येते, त्यालाच करार नीट करता येतो. ज्याला नाही म्हणण्याची मुभा नाही, त्याच्या होकाराला काय किंमत?

आपल्या गावातलेच उदाहरण घेऊ. १८७४ मध्ये जमशेदजी टाटांनी येथे कापड गिरणीसाठी कंपनी काढली आणि १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. जुम्मा तलावाजवळची ती जागा दलदलीची होती. ती भरून काढावी लागली. त्या वेळची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. एका पेढीवाल्याने म्हणे या कामाला पैसे देण्यास नकार दिला. जमिनीत सोने पुरणाऱ्याला मी पैसे कसे देऊ, असे त्याचे म्हणणे. पुढे गिरणी भरभराटीस आल्यावर त्यानेच कबूल केले की, या गृहस्थाने सोने पुरले नाही. त्याने माती घातली आणि सोने काढले.

गोष्ट गोड आहे. जमशेदजींची दृष्टी थोर होती, हेही मी मोकळेपणाने मान्य करतो. या गिरणीत १९०१ मध्ये कामगारांसाठी भविष्य निर्वाह निधी सुरू झाला. देशात त्याचा कायदा व्हावयास १९५२ साल उजाडावे लागले. परंतु कामगार चळवळीतल्या माणसाच्या मनात ती गोष्ट ऐकून एक प्रश्न येतोच. ती माती कुणी वाहिली? डोक्यावर टोपल्या घेऊन ती दलदल ज्यांनी भरली, त्यांचे त्या सोन्याशी नाते काय? आजचा माझा सगळा विषय या एका प्रश्नात आहे.

गिरणी आली तशा तिच्याभोवती वस्त्या आल्या. १९२० नंतरच्या दशकात एम्प्रेस मिलने एक वेगळा प्रयोग केला. कामगारांच्या वस्त्यांमधले कल्याणकार्य तिने स्वतःच्या कचेरीतून न चालवता वाय. एम. सी. ए. या संस्थेकडे सोपवले. पैसा गिरणीचा आणि काम संस्थेचे. वस्तीत शाळा, रात्रीचे वर्ग, खेळ, औषधपाणी असे ते काम होते. त्याच काळात इंदोऱ्याला सुमारे २०० एकर जागा मिळवून तेथे कामगारांसाठी आदर्श वस्ती वसवण्याचे काम सुरू झाले. तेथे गिरणीने चाळी बांधून भाड्याने देण्याऐवजी कामगाराला जागा व कर्ज द्यावयाचे आणि घर त्याने स्वतः बांधावयाचे, अशी योजना होती. १९३१ मध्ये ज्याचा अहवाल प्रसिद्ध झाला, त्या व्हिटले कमिशनने या दोन्ही गोष्टींची दखल घेतली आहे.

या दोन प्रयोगांत एक फरक आहे, तो आपण ध्यानात घ्यावा. पहिल्यात देणारा एक, वाटणारा दुसरा आणि कामगार तिसरा. त्याने फक्त घ्यावयाचे. दुसऱ्यात कामगारावर कर्ज आहे, म्हणजे जबाबदारी आहे. पण भिंत त्याची आहे. पुढे १९८६ मध्ये ती गिरणी राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. आज त्या जागेवर मोठे बाजारसंकुल उभे आहे. भोंगा गेला, पण इंदोरा आहे. ते केवळ गिरणीमुळे आहे, असे मी म्हणणार नाही. तेथील माणसांनी ते उभे केले आहे. परंतु जे माणसाच्या हाती दिले जाते ते टिकते आणि जे त्याच्या ओंजळीत वरून ओतले जाते ते सांडते, एवढे यातून शिकावयास हरकत नाही.

दुसरी गोष्ट. कारखानदार वस्तीकडे पाहतो, तेव्हा त्याला ती रिकामी घागर वाटते. आपण भरू तेव्हा भरेल, असा त्याचा समज असतो. पण नागपूरचा इतिहास काय सांगतो? किसन फागूजी बनसोडे यांनी १९०७ मध्ये येथे अस्पृश्य मुलींसाठी शाळा काढली. पुढे त्यांनी स्वतःचा छापखाना घातला आणि १९१८ मध्ये ‘मजूर पत्रिका’ सुरू केली. १९२२ मध्ये जाईबाई चौधरी यांनी मुलींची शाळा उभी केली. यांच्यापाशी भांडवल नव्हते आणि कुणा मालकाच्या परवानगीची त्यांनी वाट पाहिली नाही. वस्तीत मंडळ असते, भजनी मंडळ असते, बुद्धविहार असतो, वाचनालय असते, बायकांचा बचत गट असतो. सहकार्य करावयाचे असेल, तर आधी काय आहे ते पाहावे. नवे मंडळ जन्माला घालून त्याला आपलेच नाव देऊ नये.

वस्ती एकजीव असते, हाही भ्रम आहे. मुंबईच्या गिरण्यांत दलित कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाचे कारण पुढे केले जाई. हा अडसर काढावा, अशी मागणी १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केली. म्हणजे मालकाशी एकत्र लढणाऱ्या कामगारांमध्येसुद्धा भिंत होती. तेव्हा कारखानदार जेव्हा म्हणतो, मी समाजाशी बोललो, तेव्हा विचारले पाहिजे: कुणाशी बोललात? ओट्यावर बसलेल्या चार पुढाऱ्यांशी, की नळावर उभ्या असलेल्या बायकांशी?

आता कायद्याकडे वळू. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे, ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी अथवा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च केली पाहिजे. ज्या भागात कंपनी काम करते, त्या भागाला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. हे चांगले आहे. परंतु पैसा कशावर खर्चावयाचा हे संचालक मंडळ आपल्या समितीच्या शिफारशीवरून ठरवते. त्या समितीत वस्तीचा एक माणूस बसलाच पाहिजे, असे कायदा म्हणत नाही. कायद्याने दोन टक्के दिले. शब्द दिला नाही. तो आपण मिळवावयाचा आहे.

तो न मिळाल्यास काय होते, याचा मी पाहिलेला एक प्रसंग सांगतो. कारखान्याचे नाव सांगत नाही. ते सांगून आज काही साधावयाचे नाही. नागपूरजवळच्या एका औद्योगिक वसाहतीला लागून एक वस्ती आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी शेजारच्या कारखान्याने तेथे पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसवले. मंडप पडला, फीत कापली गेली, छायाचित्रे निघाली. चार महिन्यांत यंत्र बंद पडले. विजेचे बिल कुणी भरावयाचे हे ठरलेच नव्हते आणि खोलीची किल्ली एका पुढाऱ्याच्या खिशात होती.

वस्तीतल्या बचत गटाच्या बायका माझ्याकडे आल्या. त्यांचे म्हणणे निराळेच होते. कारखान्याने कुंपणाची नवी भिंत घातली, तिने वस्तीची नाली अडली होती. पावसाळ्यात ते पाणी घराघरांत शिरे. त्यांतली एक बाई म्हणाली, “भाऊ, प्यायचं पाणी द्याले आले, पण घरात घुसते त्या पाण्याचं काय? ते कोण नेईन?”

श्रोतेहो, या प्रश्नावर मी काय केले, ते सांगताना मला आजही लाज वाटते. आमच्या युनियनची त्याच कारखान्याशी वेतनकराराची बोलणी चालू होती. मी म्हणालो, “ताई, आधी आमचा करार होऊ द्या.” माझ्या मनात भीती होती की, व्यवस्थापन वस्तीला गोंजारील आणि कामगारांना एकटे पाडील. करार झाला. त्यात दोन पावसाळे गेले. दुसऱ्या पावसाळ्यात मी त्या वस्तीत गेलो, तेव्हा गुडघाभर पाण्यात उभा राहून धान्याचे पोते खाटेवर चढवणारा माणूस मला दिसला. तो आमचाच सभासद होता, ठेकेदारीतला कामगार. ज्या माणसाच्या आठ तासांसाठी मी भांडत होतो, तो उरलेले सोळा तास त्या पाण्यात राहत होता. फाटकाच्या आतला कामगार आणि बाहेरचा रहिवासी हा एकच माणूस आहे, हे मला पुस्तकाने शिकवले नाही. त्या पोत्याने शिकवले.

त्यानंतर आम्ही एकत्र बसलो: बचत गटाच्या तिघी, ठेकेदारीतले दोन कामगार, वस्तीतले एक शिक्षक आणि कारखान्याचे व्यवस्थापक. बोलणी अनेक आठवडे चालली. शेवटी मराठीत लिहिलेला दोन पानांचा करार झाला आणि तो वस्तीच्या सभेत मोठ्याने वाचला गेला. भिंतीतून वाट काढून नळ्या टाकण्याचा खर्च कारखान्याने करावयाचा. कारण तो उपकार नव्हता, चुकीची दुरुस्ती होती. पावसाळ्यापूर्वी दोन्ही बाजूंनी मिळून नाली पाहावयाची. यंत्राची किल्ली बचत गटाकडे. पाण्यासाठी अल्प आकार घेऊन वीजबिल गटाने भरावयाचे आणि मोठी दुरुस्ती तीन वर्षे कारखान्याने करावयाची. हिशेब विहाराच्या फळ्यावर लागावयाचा.

आणि शेवटचे एक कलम होते. या करारामुळे धूर, सांडपाणी किंवा मजुरी यांविषयी तक्रार करण्याचा कुणाचाही हक्क कमी होणार नाही. या कलमावर सर्वांत जास्त वेळ गेला. व्यवस्थापक म्हणाले, “आम्ही एवढे करतो आहोत, मग हे कशाला?” आमच्या शिक्षकांनी शांतपणे उत्तर दिले, “साहेब, हे कलम नसेल तर लोक म्हणतील, वस्ती विकली गेली. मग आमच्या सहीला अर्थ राहणार नाही आणि तुमच्याही.” ते व्यवस्थापक शहाणे होते. त्यांनी सही केली. पुढे त्यांची बदली झाली; पण कागद होता, म्हणून नव्या साहेबांनाही नाली पाहावयास यावे लागले.

याने सर्व सुटले, असे मी सांगणार नाही. ठेकेदारीतल्या कामगारांच्या किमान वेतनाचा झगडा त्यानंतरही आम्हांला वेगळा करावा लागला. मात्र तो करताना वस्ती आमच्या पाठीशी होती, आणि पूर्वी ती का नसे याचे कारण मला समजले होते.

यातून कारखानदारांना माझे सांगणे थोडके आहे. आधी आपल्या कुंपणाने कुणाची नाली अडवली आहे ते पाहा, दान त्यानंतर. फाटकाच्या आत किमान वेतन न देता बाहेर वह्या वाटू नका. देण्यापूर्वी विचारा, आणि बसवलेली वस्तू पाचव्या वर्षी कोण चालवील, ते पहिल्या दिवशी ठरवा.

लोकसंस्थांनाही सांगणे आहे. आपल्यापैकी काहींना मंडळाच्या नावावर ठेका हवा असतो. तो मिळाला की तोंड बंद होते. आपला हिशेब आपण आधी उघडा ठेवला, तरच दुसऱ्याचा मागता येईल. आणि आपली स्वतःची वर्गणी, मग ती कितीही लहान असो, सोडू नका. दल्ली राजहराच्या लोहखाणींतल्या कामगारांनी शंकर गुहा नियोगी यांच्या चळवळीत १९८३ मध्ये आपल्या श्रमाने व पैशाने शहीद रुग्णालय उभारले. प्रत्येक वस्तीला रुग्णालय बांधता येणार नाही; पण ज्याच्या पदरचा एक रुपया कामात आहे, तो सभेत ताठ उभा राहून बोलतो.

माझ्या कामगार बंधूंना सांगणे एकच. वस्तीचा प्रश्न हा आपल्या मागणीपत्राबाहेरचा आहे, असे समजू नका. ती चूक मी केली आहे. तुम्ही करू नका.

त्या पेढीवाल्याची गोष्ट मी पुन्हा आठवतो. मातीतून सोने निघते, हे खरे. पण माती वाहणाऱ्याला जेव्हा विचारले जाते की, बाबा, ही माती कुठे टाकावी, कुठे टाकू नये, आणि त्याचे उत्तर कागदावर लिहून घेतले जाते, तेव्हाच त्या नात्याला भागीदारी म्हणता येते. तोवर ते उपकाराचे नाते आहे, आणि उपकाराच्या भाराखाली माणूस वाकतो. उभा राहत नाही.