दोन भाषांच्या घरात : शांता गोखले

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



गणपतीपुढे उभे राहून बोलायचे तर विषय विद्येचाच हवा. म्हणून आज एका लेखिकेच्या कारकिर्दीविषयी बोलणार आहे. कादंबरीकार, अनुवादक आणि एकेकाळच्या इंग्रजीच्या प्राध्यापिका शांता गोखले. आपल्यासारख्या परप्रांतात घर केलेल्या मराठी माणसांना त्यांच्याकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे, असे मला वाटते.

शांताबाईंचा जन्म १९३९ सालचा, डहाणूचा. वाढल्या मुंबईत, शिवाजी पार्कात. शाळा बॉम्बे स्कॉटिश, म्हणजे इंग्रजी माध्यमाची. पदवी विलायतेतल्या ब्रिस्टल विद्यापीठाची, विषय इंग्रजी साहित्य. पुढे मुंबई विद्यापीठातून एम. ए. एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांनी इंग्रजी शिकवले. ‘फेमिना’मध्ये उपसंपादक, ग्लॅक्सो कंपनीत जनसंपर्काचे काम, आणि पुढे ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या मुंबई आवृत्तीत कलाविभागाच्या संपादक, अशा नोकऱ्या केल्या. लग्नानंतर काही काळ विशाखापट्टणमला काढला, म्हणजे परप्रांतातला संसारही त्यांना ठाऊक आहे.

आता गंमत पाहा. एवढे सगळे शिक्षण आणि नोकऱ्या इंग्रजीत. अशी व्यक्ती कादंबरी कोणत्या भाषेत लिहील? आपण चटकन म्हणू, इंग्रजीत. शांताबाईंनी दोन्ही कादंबऱ्या मराठीत लिहिल्या. १९९० साली ‘रीटा वेलिणकर’ आणि २००८ साली ‘त्या वर्षी’. मागाहून दोन्हींचे इंग्रजी अनुवाद स्वतःच केले. ‘रीटा वेलिणकर’ १९९५ साली इंग्रजीत आली, तर ‘त्या वर्षी’ २०१३ साली ‘क्रोफॉल’ या नावाने.

‘रीटा वेलिणकर’ ज्यांनी वाचली असेल त्यांना आठवेल. घरातली थोरली मुलगी, साहेबी थाटात रमलेले आईवडील, सगळा भार हिच्यावर. कार्यालयातल्या विवाहित वरिष्ठाशी अनेक वर्षांचे संबंध आणि शेवटी मनाने कोसळणे. ही रीटा इंग्रजी वळणाच्या घरातली आहे, पण तिची कहाणी मराठीत सांगितली आहे. आपल्या पुष्कळ घरांत आज तेच वळण आहे. नोकरीची भाषा एक, शेजाऱ्यांची दुसरी, रडण्यारागावण्याची तिसरी. त्या घरांची गोष्ट मराठीत मावते, हे या कादंबरीने दाखवून दिले. रेणुका शहाणे या त्यांच्या कन्या. त्यांनी २००९ साली ‘रीटा’ हा चित्रपट याच कादंबरीवर केला.

त्यांच्या कामाचा दुसरा मोठा भाग अनुवादाचा. सतीश आळेकरांचे ‘बेगम बर्वे’ त्यांनी इंग्रजीत नेले. हे काम किती अवघड! संगीत नाटकांत लहानसहान स्त्रीभूमिका केलेला एक गरीब माणूस जुन्या नाट्यपदांच्या आधारावर स्वप्नात जगतो. ते पद कानावर पडताच मराठी प्रेक्षकाच्या मनात बालगंधर्वांचा सारा काळ उभा राहतो. इंग्रजी वाचकाच्या मनात काय उभे राहणार? शब्दांचा अनुवाद होतो, आठवणींचा होत नाही. म्हणूनच की काय, आधीची वाटही त्यांनी बांधून दिली. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी केलेल्या नाटकापासून पुढचा मराठी नाटकाचा इतिहास त्यांनी इंग्रजीत लिहिला आणि तो २००० साली प्रसिद्ध झाला. रंगभूमीसाठी केलेल्या एकूण कार्याबद्दल संगीत नाटक अकादमीने त्यांचा सन्मान केला.

दुर्गाबाई खोटे यांचे ‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र त्यांनी इंग्रजीत आणले. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ त्यांनी प्रिया आडारकर यांच्यासह अनुवादित केला. वरसईचे हे भटजी १८५७ साली दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते गावातच होते. पोटासाठी मुलूख सोडून निघालेला मराठी माणूस! आपण सारे त्यांचेच भाऊबंद नाही का?

आणि २०१७ साली आली लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. तिचा एक इंग्रजी अनुवाद १९५० साली होऊन गेला होता, तरी शांताबाईंनी पुन्हा नव्याने केला. लक्ष्मीबाईंचे शालेय शिक्षण नव्हते. वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक, कवी नवऱ्याचा लहरीपणा, त्याचे १८९५ सालचे धर्मांतर आणि त्यातून झालेली ताटातूट हे सारे त्या घरातल्या बोलीत, हसत हसत सांगतात. ना. वा. टिळक नोकरीसाठी राजनांदगावला निघाले असता आगगाडीत एका साहेबाने त्यांना बायबल दिले, तिथून त्या संसाराला वळण लागले. राजनांदगाव, म्हणजे आजचे छत्तीसगड. लक्ष्मीबाईंची मिश्किली दुसऱ्या भाषेत नेताना ‘सोवळे’ या एका शब्दासाठी किती खटाटोप करावा लागतो, विचार करा. शब्दकोशात अर्थ मिळेल. पण सोवळ्यातल्या माणसाला पोराने शिवल्यावर घरात उठणारा गोंधळ कोशात मिळत नाही.

अनुवादाची वाहतूक त्यांनी एकाच दिशेने केली नाही. जेरी पिंटो यांची ‘एम अँड द बिग हूम’ ही माहीमच्या गोवेकर ख्रिस्ती कुटुंबावरची इंग्रजी कादंबरी त्यांनी ‘एम आणि हूमराव’ म्हणून मराठीत आणली. नावातच पाहा, ‘बिग हूम’चा ‘हूमराव’ झाला. भाषा अंगवळणी पडलेली असली म्हणजे असे सुचते.

आता आपल्याकडे वळतो. आपली बरीच मुले मराठी बोलतात, थोडी कमी वाचतात, आणि नातवंडांपर्यंत पोचता पोचता वाचन संपतेच. दरवर्षी आपण याच व्यासपीठावरून हळहळतो. काही जण म्हणतात, इंग्रजीनेच घात केला. शांताबाईंची कारकीर्द पाहता मला हे पटत नाही. इंग्रजी शाळा, विलायतेतली पदवी आणि इंग्रजीची प्राध्यापकी यांनी त्यांची मराठी गेली नाही. भाषा जाते ती दुसरी भाषा आल्याने नव्हे, तर पहिलीला काम न उरल्याने. देव्हाऱ्यात ठेवून वर्षातून दहा दिवस आरती केली तर ती टिकणार नाही. तिच्याकडून पत्र लिहवा, भांडण करवा, विनोद करवा.

दुसरे काही जण म्हणतात, इंग्रजी अनुवाद मिळतो, मग नातवाने देवनागरी कशाला शिकावी? हेही अर्धेच खरे. अनुवाद नातवाला दारापर्यंत आणून सोडतो. आत काय आहे हे कळले की आत यावेसे वाटेल, नाही वाटले तरी निदान घर कोणाचे हे कळेल. तेवढेही थोडे नाही. पण दार उघडायला घरात कोणी तरी असावे लागते, आणि ते आपण आहोत.

म्हणून एक सूचना करतो. मंडळाच्या वाचनालयात ‘स्मृतिचित्रे’ दोन्ही भाषांत शेजारी शेजारी ठेवावी. पुढच्या उत्सवात पाककृती आणि रांगोळीच्या स्पर्धांबरोबर आणखी एक कार्यक्रम व्हावा. आजीने एक पान मराठीतून वाचावे, नातीने तेच इंग्रजीतून, आणि मग कोणते शब्द वाटेत गळले ते दोघींनी मिळून शोधावे. आपले बिगरमराठी स्नेहीही त्यात भाग घेऊ शकतील. त्यासाठी वर्गणी वाढवावी लागणार नाही, दोन पुस्तकांचा खर्च आहे.



गणपती बाप्पा मोरया!