जठरातील मूक दूत

मांस पचविणारे जठर स्वतःच पचून कसे जात नाही? जठररसाची आम्लता रक्ताच्या १० लाख पटींहून अधिक असू शकते. तरीही निरोगी माणसाच्या जठराचे अस्तर शाबूत राहते. या व्यवस्थेत कॅल्शियमचे दौत्य मोलाचे आहे.

पेशीबाहेर जेवढे मुक्त कॅल्शियम असते, त्याचा सुमारे १०,००० वा भागच पेशीरसात असतो. अन्नाचा नुसता वास आला, तरी मेंदूकडून आलेल्या मज्जातंतूंच्या टोकांतून असेटिलकोलीन स्रवते. त्यासरशी पेशीतील कोठारे उघडतात आणि कॅल्शियम एकाएकी वाढते. आम्ल निर्माण करणाऱ्या पेशीत हा निरोप पोहोचला, की हिस्टामीनच्या साहाय्याने आम्लाचे पंप कामास लागतात. शेजारच्या श्लेष्मल पेशीला मात्र तोच निरोप संरक्षक बुळबुळीत थर ओतावयास सांगतो. जाळणारा आणि जपणारा, दोघांचा दूत एकच!

काम संपताच कॅल्शियमला परत धाडावे लागते. ते आतच साचून राहिले, तर पेशीचा नाश ओढवतो.

ॲस्पिरिनसारख्या गोळ्या वारंवार घेतल्याने हे संरक्षण दुबळे होते आणि व्रण पडू शकतो. वैद्याला न विचारता त्या घेत राहणाऱ्यांनी एवढे ध्यानी धरावे.