जुनी वीट, नवी वीट

(भिलाई येथील मराठी वाचकांसमोर अनुवादिकेने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्रस्तुत पुस्तकाचा अनुवाद हातावेगळा झाल्यावर त्यासंबंधी चार शब्द बोलावेत, असे आपण मला सुचविले. अनुवादकाने मूळ लेखकाच्या मागे उभे राहावे, पुढे येऊ नये, असा एक संकेत आहे आणि तो योग्यच आहे. म्हणून पुस्तकाच्या गुणदोषांविषयी मी आज काही बोलणार नाही. त्यातील एका प्रकरणाचे भाषांतर करताना मी अडले, त्या अडचणीपायी एक दिवस सिरपूरला जाऊन आले आणि तेथे माझ्या हातून एक चूक घडली. ती चूक आपणास सांगावी, एवढाच माझा हेतू आहे.

या प्रकरणात लेखक मेक्सिकोतील माया लोकांच्या प्राचीन नगरांचे अवशेष पाहावयास जातो. पर्यटकांच्या जथ्याबरोबर न जाता तो एका दिवसापुरता स्वतःचा असा एक स्थानिक माणूस ठरवितो. या माणसाला मराठीत काय म्हणावे, ही माझी पहिली अडचण होती. ‘वाटाड्या’ हा शब्द गोड आहे. परंतु वाटाड्या वाट दाखवितो, तो कथन करीत नाही. ‘मार्गदर्शक’ म्हटले की परीक्षेचे पुस्तक डोळ्यांसमोर येते. नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील क्षेत्रोपाध्याय या कल्पनेच्या बराच जवळ येतो. यात्रेकरू आला की तो त्याला उतरवून घेतो, क्षेत्र दाखवितो, महात्म्य सांगतो आणि वही उघडून त्याच्या आजा-पणजाची नावेही वाचून दाखवितो. तथापि क्षेत्रोपाध्याय आपणास आपल्याच पूर्वजांकडे नेतो; अवशेषांतील हा माणूस परक्याला आपल्या पूर्वजांकडे नेतो. हा भेद लहान नाही. शेवटी रूढ झालेला ‘गाईड’ हाच शब्द मी ठेवला.

शब्द मिळाला, पण अनुभव मिळाला नव्हता. पडक्या भिंतींसमोर उभे राहून एका अनोळखी माणसाच्या तोंडून शतकांची कथा ऐकणे म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हते. मेक्सिको दूर, सिरपूर मात्र आपल्या भिलाईहून सकाळी निघून सायंकाळी परतता येईल इतक्या अंतरावर आहे. आपल्यापैकी अनेक जण तेथे सहलीला जाऊन आले असतील. रायपूर, आरंग करीत महानदीचा पूल ओलांडावा, पुढे मुख्य रस्ता सोडून डावीकडे वळावे, म्हणजे वनराईतून जाणारा रस्ता आपणास सिरपूरला पोहोचवितो. हेच प्राचीन श्रीपूर, दक्षिण कोसलच्या पांडुवंशी राजांची राजधानी.

सिरपूरच निवडण्यास आणखीही एक कारण होते. मेक्सिकोतील पालेन्के या माया नगरात पाकाल नावाचा राजा इ. स. ६१५ मध्ये गादीवर आला आणि ६८३ मध्ये निवर्तला. श्रीपूरच्या वैभवाचा काळही सामान्यतः सातव्या शतकातलाच मानला जातो. येथील महाशिवगुप्त बालार्जुन हा राजाही पाकालाप्रमाणेच दीर्घकाळ राज्य करणारा. त्याच्या कारकिर्दीच्या ५७व्या वर्षाचा ताम्रपट सापडला आहे. दोघांनाही एकमेकांच्या खंडाची वार्ता नव्हती. पुढे दोन्ही नगरे ओस पडली, झाडीने झाकली गेली. पालेन्के येथे आल्बेर्तो रूस या संशोधकाने राडारोड्याने बुजविलेला जिना अनेक हंगाम उपसून १९५२ मध्ये पाकालाची समाधी उघडली. आणि १९५३ मध्ये सिरपूर येथे डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी उत्खननास प्रारंभ केला. त्या वेळी हा भाग नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता आणि सागर विद्यापीठाच्या वतीने एक मराठी पंडित छत्तीसगढची माती उकरीत होता, ही गोष्ट आपणा भिलाईच्या मराठी लोकांनी विसरू नये.

आम्ही पाच जण निघालो. मी, घरची वडीलधारी दोन माणसे आणि माझ्याकडे मराठी शिकावयास येणाऱ्या दोन मुली. गावातीलच एक पस्तिशीतला गृहस्थ दिवसभरासाठी ठरविला. तो मला ‘दीदी’ म्हणे, मी त्याला ‘भैया’ म्हणत असे. प्रथम त्याने आम्हांस लक्ष्मण मंदिरात नेले.

हे मंदिर विटांचे आहे. उंच दगडी जोत्यावर ते उभे आहे. पुढच्या मंडपाचे आता केवळ खांबांचे तळ उरले आहेत. गर्भगृहाची भिंत आणि शिखर मात्र अद्याप टिकून आहेत. दाराची चौकट दगडी. तिच्या वरच्या पट्टीवर शेषशायी विष्णू आणि बाजूच्या शाखांवर विष्णूचे अवतार कोरले आहेत. भिंतींवरील चैत्यगवाक्षांची नक्षी विटांतच कोरलेली आहे. तांबूस विटेवर सकाळचे ऊन पडले होते. आम्ही स्तब्ध उभे होतो. तेवढ्यात गाईड म्हणाला, “हे ताजमहालाच्याही हजार वर्षे आधीचे प्रेमाचे स्मारक आहे. ताजमहाल राजाने राणीसाठी बांधला. हे राणीने राजासाठी बांधले.”

मी तत्काळ त्याला थांबविले. येण्यापूर्वी मी या मंदिराच्या शिलालेखासंबंधी वाचून आले होते. हा लेख मंडपाच्या राडारोड्यात सापडला आणि आता रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयात आहे. मुलींकडे वळून मी सांगू लागले की, लेखानुसार हे हरीचे, म्हणजे विष्णूचे मंदिर आहे. हर्षगुप्ताची विधवा राणी वासटा हिने ते पुत्र बालार्जुन याच्या कारकिर्दीत बांधविले. ती मगधाच्या सूर्यवर्म्याची कन्या. प्रशस्ती ईशान नावाच्या कवीने रचली. मंदिरासाठी गावे लावून दिली आहेत आणि अन्नसत्र, सेवकांचा निर्वाह, मोडतोडीची दुरुस्ती यांची तजवीज केली आहे. ब्राह्मणांच्या वंशजांनी वाटा चालू ठेवावयाचा तर विद्वान असावे, जुगारी नसावे, असेही बजाविले आहे. यात ताजमहालाची बरोबरी करणारी प्रेमकथा कोठे आहे? आणि लक्ष्मणाचा तरी काय संबंध?

मी जे सांगितले ते बरोबर होते. पण ते मी त्याच्या गावात, त्याच्या मंदिरापुढे, त्याच्या गिऱ्हाइकांदेखत सांगितले. त्याने मान डोलावली. त्यानंतर दोन तास तो केवळ नावे सांगत राहिला. हा तीवरदेव विहार. हा स्वस्तिक विहार. हे सुरंग टीला. या शेवटच्या ठिकाणी, २००० नंतर अरुणकुमार शर्मा यांच्या देखरेखीखाली झालेल्या उत्खननांतून, टेकाडाच्या पोटातून एक उत्तुंग पंचायतन देवालय बाहेर आले आहे. त्याच्या खड्या दगडी पायऱ्या पाहताच मला पुस्तकातील माया देवालयांच्या पायऱ्या आठवल्या. त्या पायऱ्या मध्येच लाटेसारख्या खचल्या आहेत. उत्खनकांनी त्याचा संबंध भूकंपाशी जोडला आहे. एरवी या लाटेविषयी तो किती बोलला असता! तो बोलला नाही. ज्यासाठी मी आले होते, ते मीच बंद करून टाकले होते.

दुपारी चहाच्या टपरीवर मी त्याच्याशेजारी जाऊन बसले आणि म्हटले, “भैया, मघाशी माझे चुकले. सर्वांसमोर बोलावयास नको होते.” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “दीदी, लेखाचे मला ठाऊक आहे. पण शहरातली माणसे दहा मिनिटे थांबतात. गावे, अन्नसत्र, दुरुस्ती असे सांगू लागलो की ती गाडीकडे पाहतात. ताजमहाल म्हटले की थांबतात आणि जाताना दोन पैसे अधिक देतात.” लक्ष्मणाचे नाव कसे आले, हेही त्याने सांगितले. गर्भगृहात ठेवलेल्या मूर्तीच्या डोक्यावर नागाच्या फणा आहेत. लक्ष्मण हा शेषाचा अवतार. म्हणून गावाने मूर्तीला लक्ष्मण म्हटले. लेख मातीखाली होता, तो कोणास वाचता येत नव्हता. मूर्ती डोळ्यांसमोर होती. लोकांनी जे दिसले ते वाचले. हे अज्ञान आहे, असे म्हणण्याचे धैर्य मला त्यानंतर झाले नाही.

चहा संपल्यावर तो आपणहून आम्हांस आनंदप्रभुकुटी विहारात घेऊन गेला. बालार्जुनाच्या काळात आनंदप्रभू नावाच्या भिक्षूने हा विहार बांधला. मधोमध अंगण, भोवती भिक्षूंच्या खोल्या आणि समोर भूमिस्पर्श मुद्रेतील बुद्धाची भव्य मूर्ती. डॉ. दीक्षितांच्या उत्खननात हा विहार उजेडात आला. त्याच उत्खननात आठव्या शतकातील एक चिनी नाणेही मिळाले. त्यावरून या नगराचे संबंध किती दूरवर पोहोचले होते, याची कल्पना येते. गाईड एका भिंतीपाशी थांबला. त्याचा ‘बबा’, म्हणजे आजोबा, तरुणपणी त्या उत्खननात मातीच्या टोपल्या वाहत असे. साहेबांनी वीट मोडू न देता माती कशी काढावयास शिकविले, हे बबा म्हातारपणीही सांगत. लहानपणी त्याच बबाने नातवाचे बोट धरून भिंतीभिंतीवर दाखविले होते: येथपर्यंत आम्हांला मिळाले, येथून पुढे नंतर बांधले.

आणि आता तो आम्हांस ते दाखवू लागला. ही वीट जुनी, तिच्यावरचा थर नवा. हा कोनाडा मुळातला; हा कोपरा ढासळला होता, तो जतनाच्या वेळी उभारला. मुली भिंतीला हात न लावता वाकून पाहू लागल्या आणि थोड्याच वेळात त्यांना तो सांधा आपणहून ओळखू येऊ लागला. अवशेष म्हणून जे मी सकाळपासून सरसकट प्राचीन समजून पाहत होते, त्यात प्राचीन किती आणि कालपरवाचे किती, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते. मी वाचलेल्या कोणत्याही ग्रंथाने ते मला सांगितले नव्हते. मंदिरांच्या पडझडीची दुरुस्ती व्हावी म्हणून गावे तोडून देणाऱ्या वासटेला हा सांधा पाहून वाईट वाटले नसते. दुरुस्ती लपविली तर मात्र पुढच्या पिढीची फसवणूक होते.

आता पुन्हा मेक्सिकोकडे वळू. माया शिलालेखांत केवळ कालगणना, ग्रहतारे आणि देवदेवता आहेत, राजांचा इतिहास नाही, असे मत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रबळ होते. त्या काळी गाईड प्रवाशांना जे सांगत, ते विद्वानांकडूनच आलेले होते. १९५२ मध्ये लेनिनग्राड येथील युरी क्नोरोझोव्ह यांनी ही लिपी ध्वनींनुसार वाचता येते, असे दाखविले. ज्या सोव्हिएत देशाच्या साहाय्याने १९५५च्या करारानंतर आपल्या भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला, त्याच देशातील हे संशोधक. माया अवशेष त्यांना प्रत्यक्ष पाहावयास मिळाले ते १९९० मध्ये. पुढे १९६० मध्ये तात्याना प्रोस्कुर्याकोव्ह या विदुषीने दाखवून दिले की, त्या लेखांत राजांचे जन्म, राज्यारोहण आणि मृत्यू नोंदलेले आहेत. देव म्हणून दाखविल्या जाणाऱ्या आकृती माणसे ठरल्या. वाचणारे दूर होते, पाहणारे जवळ होते आणि दोघांनाही एकमेकांची गरज होती. गाईडची कथा बदलते ती विद्येमुळे. आणि ती बिघडते ती बहुधा ऐकणाऱ्याच्या उतावळेपणामुळे.

आता माझ्या चुकीचा दुसरा भाग. या प्रकरणाच्या पहिल्या खर्ड्यात मी एक गोष्ट केली होती. पुस्तकातील गाईड तेच जुने मत सांगतो. ते आज टिकत नाही, हे मला ठाऊक होते. म्हणून मी त्याचे वाक्य भाषांतरात हळूच दुरुस्त केले. वाचकाला चुकीची माहिती मिळू नये, असा माझा सद्हेतू होता. परंतु सिरपूरहून परत आल्यावर ते पान मला वाचवेना. मी नवी वीट बसविली होती आणि ती जुनी म्हणून दाखविली होती. लक्ष्मण मंदिरापुढे मी त्या भल्या माणसाला जे बोलले, ते खरे तर मला लागू होते. त्याने निदान आपली जोड विचारल्यावर दाखविली. माझी जोड वाचकाला कधीच दिसली नसती. मी ते वाक्य मूळच्या रूपात परत आणले आणि खाली स्वतःच्या नावाने तळटीप दिली. आज आपल्या हाती असलेल्या पुस्तकात ती आहे.

आपण सिरपूरला जाल तेव्हा गावातील माणूस अवश्य बरोबर घ्या. त्याच्यासाठी अर्धा दिवस नव्हे, पूर्ण दिवस राखून ठेवा. त्याची कथा आधी पुरी होऊ द्या. मग एकांतात, नम्रपणे, एवढेच विचारा: यातले जुने कोठपर्यंत आणि नवे कोठून? या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्याला ताजमहाल सांगणाऱ्यापेक्षा चार पैसे अधिक द्या. तसे घडू लागले तर दुसरी कथा सांगण्याची गरज त्याला उरणार नाही. आणि हाच प्रश्न आपण अनुवादकालाही विचारावा, अशी माझी विनंती आहे.