रंगाविना ऊतकदर्शन

मोठ्या आतड्याचा कर्करोग एका रात्रीत उद्भवत नाही. आतड्याच्या आतील अस्तरावर, म्हणजे श्लेष्मकलेवर, बहुधा प्रथम एक लहानसा पॉलिप उगवतो. त्याचा कर्करोग होण्यास साधारणतः दहा वर्षे लागतात. इतकी दीर्घ मुदत देणारे कर्करोग थोडेच. तरीही २०२२ साली मोठे आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगाने जगभर सुमारे नऊ लक्ष माणसे दगावली.

संशयित तुकडा तपासण्याची रूढ रीत एकोणिसाव्या शतकातली आहे. पेशी जवळजवळ पाण्यासारखी पारदर्शक असल्याने तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवून, मेणात बसवून त्याचे पातळ छेद घेतात व रंगवितात. हिमॅटॉक्सिलिनने केंद्रके निळीजांभळी होतात, इओसिनने उरलेला भाग गुलाबी. या रीतीची विश्वसनीयता वादातीत आहे. परंतु तुकडा नेमका कोठून काढावा, हे ती आधी सांगू शकत नाही.

ऊतक न रंगविताही बोलते. पेशीतील ऊर्जाव्यवहारात भाग घेणारी काही द्रव्ये योग्य प्रकाश पडताच स्वतः चमकतात. दोन प्रकाशकण एकाच वेळी शोषले जाऊ शकतात, हे मारिया गोपर्ट-मेयर यांनी १९३१ मध्ये गणिताने दाखविले होते. त्यावर आधारलेला सूक्ष्मदर्शक मात्र कॉर्नेल विद्यापीठात डेंक, स्ट्रिकलर व वेब यांनी १९९० मध्ये सिद्ध केला. लेसर आल्याखेरीज ते शक्यच नव्हते.

कोलॅजेनची गोष्ट याहून नवलाची आहे. त्याच्या तंतूंवर ८०० नॅनोमीटर तरंगलांबीचे तीव्र लेसर-स्पंद पडले, की त्यांतील थोडा प्रकाश बरोबर निम्म्या, म्हणजे ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचा होऊन बाहेर पडतो. श्रोत्यांनी मधाचे पोळे डोळ्यांसमोर आणावे. निरोगी श्लेष्मकला वरून पाहिली असता ग्रंथींची गोल मुखे तशीच ओळीने दिसतात आणि प्रत्येकीभोवती कोलॅजेनचे उजळ कडे असते. रोग शिरला, की मुखे वेडीवाकडी होतात, कडी तुटतात, आणि पोळ्याची घडण हरवते.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये कलकत्त्यात शोधलेला प्रकाश-प्रकीर्णनाचा परिणामही येथे उपयोगी पडतो. विखुरलेल्या प्रकाशाच्या बदललेल्या तरंगलांबीवरून ऊतकातील रेणूंची ओळख पटते. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात वादिम बॅकमन आणि त्यांचे सहकारी आणखी पुढे गेले. पॉलिपपासून दूर असलेल्या, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी भासणाऱ्या गुदाशयाच्या पेशींतही अतिसूक्ष्म रचनाबदल असतात, असे त्यांना आढळले. हे मोलाचे आहे, कारण गुदाशयापर्यंत पोहोचणे वैद्याला सोपे असते.

अडचणीही लहान नाहीत. असा लेसर ऊतकात जेमतेम मिलिमीटरभराच्या आतच स्पष्ट चित्र देतो, तर रोग त्याहून खोल उतरलेला असू शकतो. शिवाय एका वेळी दिसणारा भाग मिलिमीटरहून लहान, आणि आतडे सुमारे दीड मीटर लांब. म्हणून हा सूक्ष्मदर्शक दुर्बिणीच्या टोकावर मावेल इतका लहान करण्याचे आणि त्याची गती वाढविण्याचे प्रयत्न चालू आहेत. तोवर अंतिम निदान रंगविलेल्या काचपट्टीवरच होत राहील.