हरणाऱ्या संघाचे सर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'शाळेने मला काय दिलं'. माझ्या आधीच्या चौघांनी ते फार छान सांगितलं. मी विषय जरा बदलतो, संयोजकांनी माफ करावं. जेवणानंतर आपल्या फुटबॉल क्लबची सभा आहे. सभेपुढे एकच ठराव आहे, संघाचे कोच बदलायचे. त्या ठरावावर पहिली सही माझी आहे. मला त्या सहीबद्दल बोलायचं आहे.

मुंबई-पुण्याहून आलेल्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. आपण वर्गणी काढून शाळेच्या पोरांचा संघ चालवतो. यंदा अकरा सामने खेळलो, दोन जिंकलो. कामठीत एका सामन्यात सहा गोल खाल्ले. त्या रात्री आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे काही लिहिलं गेलं ते गुरुजनांसमोर वाचण्यासारखं नाही. "काऊन ठेवला बे हा कोच?" हे त्यातलं सगळ्यात सभ्य वाक्य, आणि ते माझंच होतं.

आता कामठी म्हणजे काय ते बघा. कन्हान तिथूनही वाहते आणि आपल्याकडूनही, पण फुटबॉल मात्र तिकडेच थांबला. रब्बानी क्लबसारखी जुनी नावं तिथली. तिथलं पोर चालायला लागलं की त्याच्या पायात चेंडू येतो. आपल्याकडे मैदान आता कुठे नीट झालं. आमच्या वेळी तर धान निघालं की बांधीत खेळायचो. धसकटं टोचायची, बांध ओलांडला की चेंडू आऊट.

त्या वेळचीच एक गोष्ट सांगायची राहिली आहे. मी दहावीत होतो, 1988 चा हिवाळा, आणि मी कॅप्टन होतो. एका स्पर्धेत आम्ही 7-0 ने हरलो. मग मला बोलावून विचारलं गेलं, "काय रे, सर शिकवतात का नीट?" मी म्हणालो, "नाही जी, लक्ष देत नाहीत." खरं काय होतं? भावाच्या लग्नाच्या गडबडीत पंधरा दिवस मीच सरावाला गेलो नव्हतो. माझ्या नादाने आणखी चौघे गेले नव्हते. सर रोज संध्याकाळी सहा-सात पोरांना घेऊन मैदानात उभे असायचे. हे मी सांगितलं नाही. फुटबॉल त्यांच्याकडून काढून दुसऱ्या सरांकडे गेला.

पुढचा सामना आम्ही 2-1 ने जिंकलो. झाला ना फरक? समोरचा संघ आमच्याहून कच्चा होता आणि लग्न आटोपल्यामुळे मी सरावाला जात होतो, हे कोणीच मोजलं नाही. नव्या सरांचा जीव व्हॉलीबॉलमध्ये. फेब्रुवारीपर्यंत गोलचे बांबू मांडवाला गेले होते.

या प्रकाराचा हिशेब नेदरलँड्समध्ये कोणीतरी केला आहे, हे मला फार उशिरा कळलं. बास तर वेल नावाच्या अर्थतज्ज्ञाने तिथल्या लीगचे 1986 ते 2004 पर्यंतचे हंगाम तपासले. संघ हरत सुटला की मॅनेजर काढतात आणि त्यानंतर निकाल सुधारतात, हे खरं. पण तितकेच वाईट हरणारे जे संघ मॅनेजर काढत नाहीत, तेही तसेच सुधारतात. म्हणजे ताप उतरायचाच होता, आदल्या दिवशी अंगारा लावला म्हणून श्रेय अंगाऱ्याला.

बँकेच्या नोकरीत माझी सात वर्षं मडगावला गेली. फातोर्ड्याचं स्टेडियम तिथेच, आणि एफसी गोवा संघ 2014 मध्ये सुरू झाला तेव्हापासून मी सामने बघायला जायचो. कोच होते झिको, ब्राझीलचे थोर खेळाडू. 2015 ची फायनल फातोर्ड्यालाच झाली. शेवटच्या दोन-तीन मिनिटांपर्यंत गोवा 2-1 ने पुढे होता आणि चेन्नईने 3-2 ने नेली. मैदानातून घरी येताना रस्त्यावर कोणी बोलत नव्हतं. पुढच्या वर्षी 14 सामन्यांत 14 गुण, आठ संघांत आठवा नंबर. तरी झिकोंना हंगामाच्या मध्ये हलवलं नाही. हंगाम संपला, मग वेगळे झाले, आणि 2017 मध्ये स्पेनचे सर्जिओ लोबेरा आले.

लोबेरांच्या पहिल्या वर्षी संघ सेमीफायनलला हरला. दुसऱ्या वर्षी फायनल, तीही हरला, बेंगळुरूकडून, जादा वेळात, 1-0 ने. आमच्या बँकेतले गोवेकर तरी शिव्या देत नव्हते, कारण संघ काय खेळतो ते त्यांना दिसत होतं. त्यांना ठेवलं आणि त्याच 2019 मध्ये सुपर कप आला.

मग गंमत बघा. 31 जानेवारी 2020 ला, गुणतक्त्यात गोवा वर असताना, लोबेरांना काढलं. कारण हार नव्हतं, क्लबशी जुळत नव्हतं. क्लिफर्ड मिरांडा या गोव्याच्याच माणसाने उरलेले सामने सांभाळले आणि लीग शील्ड जिंकून दिली. मला वाटलं, बरं झालं काढलं! पुढच्या हंगामात लोबेरा मुंबई सिटीचे कोच झाले, शील्ड आणि कप दोन्ही घेऊन गेले आणि सेमीफायनलला पेनल्टीवर हरवलं ते गोव्यालाच. आता सांगा, गोव्याने चूक केली की नाही? मला अजून सांगता येत नाही.

नागपूरकरांना एवढ्या लांब जायची गरजही नाही. चंद्रकांत पंडितांच्या हाताखाली मुंबईने 2016 ला रणजी जिंकली, पुढच्या वर्षी फायनल हरली आणि पंडित गेले. कुठे? आपल्या विदर्भाकडे! मुंबई ज्या इंदूरच्या मैदानावर फायनल हरली, तिथेच वर्षभराने विदर्भाने पहिली रणजी घेतली. त्याच्या पुढच्या वर्षी दुसरी. आणि उस्मान गनी? मार्च 2024 मध्ये विदर्भ वानखेडेवर फायनल हरला, पण गनी राहिले आणि 2025 ला जामठ्यावर करंडक पुन्हा आपला झाला.

फर्ग्युसनचं नाव आज सभेत कोणीतरी काढणारच. मँचेस्टर युनायटेडमध्ये ते 1986 च्या नोव्हेंबरात आले, पहिली ट्रॉफी 1990 ला, लीग 1993 ला. पण हे उदाहरण मला पुरेसं वाटत नाही. ठेवले आणि तरी काहीच झालं नाही, असे शेकडो असतील. त्यांची गोष्ट भाषणात सांगायला कोणी उभं राहत नाही.

म्हणून 'धीर धरा' एवढंच म्हणायला मी उभा नाही. कोच पोरांना मारत असेल, दुखऱ्या पायाच्या पोराला खेळवत असेल, पैसे घेऊन संघात घेत असेल, तर तो सगळे सामने जिंकत असला तरी संध्याकाळपर्यंत घरी पाठवा. पोरं सरावाला यायची बंद झाली असतील तरीही काढा. पण नुसता स्कोअर बघून नको.

मागचे दोन रविवार मी पहाटे मैदानावर गेलो. सही केल्यानंतर गेलो, आधी जायला हवं होतं. कोच सर साडेपाचला येऊन स्वतः चुन्याच्या रेषा मारतात. हजेरीची वही आहे त्यांच्याकडे. दोन वर्षांपूर्वी चौदा नावं होती, आज एकतीस आहेत, त्यात नऊ मुली. मागच्या वर्षीचे पाच मोठे खेळाडू कॉलेजला नागपूरला गेले, त्यांच्या जागी आठवी-नववीची पोरं उतरली आणि त्यांनी कामठीत सहा गोल खाल्ले. चेंडू किती आहेत? पाच. एकतीस पोरांना पाच चेंडू, आणि त्यातल्या एकाची हवा सराव संपेपर्यंत टिकत नाही. चेंडू आणायचं काम कोचचं नव्हतं, कार्यकारिणीचं होतं. कार्यकारिणीत मी आहे.

मी सरांना विचारलं, "सर, पुढच्या वर्षी काय होईल?" ते म्हणाले, "यंदा मधल्या फळीत पोरं चेंडू ठेवायला शिकले जी. गोल करायला अजून एक वर्ष लागते." खोटं आश्वासन त्यांनी दिलं नाही, हे मला आवडलं.

मी माझी सही खोडली आहे. त्या जागी दुसरा ठराव लिहिला आहे, सभेत मांडतो: कोचना पुढचे दोन हंगाम पूर्ण द्यायचे, मध्ये विषय काढायचा नाही. दोन्ही हंगामांच्या शेवटी हजेरीची वही आणि निकाल दोन्ही समोर ठेवून बोलायचं. आणि पंधरा चेंडू घ्यायचे. त्यातल्या पाचांचे पैसे मी आजच खजिनदारांकडे देतो.

1988 च्या त्या सरांना भेटायचं राहून गेलं. ते आता नाहीत. त्यांचे धाकटे बंधू मागच्या रांगेत बसले आहेत, मघाशी चहा घेताना मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दादाला माहीत होतं." मग त्यांनी माझ्या कपात अर्धा चहा आणखी ओतला.

सभा दोन वाजता, वर्ग आठवी अ मध्ये आहे.