शरीराची आठवण



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. एखादी यंत्रणा कशी चालते आणि कुठे बिघडते, हे शोधणं माझं रोजचं काम. त्याच नजरेनं आज शरीराच्या प्रतिकारशक्तीकडे पाहू.

पहिला बंदोबस्त त्वचेचा, नाकातल्या शेंबडाचा आणि पोटातल्या आम्लाचा. तो ओलांडून जंतू आत शिरला, की पांढऱ्या पेशी धावून येतात आणि त्याला गिळू लागतात. जखम लाल होऊन सुजते, ती याच झटापटीमुळे. ही फळी काही तासांत कामाला लागते, पण तिला जंतूंची ओळख ढोबळच असते.

नेमकी ओळख बी आणि टी पेशींना असते. बी पेशींपासून प्रतिपिंडं तयार होतात. ती विषाणूला चिकटून निकामी करतात. काही टी पेशी विषाणू शिरलेल्या आपल्याच पेशी मारतात. यातल्या पेशींचे साचे वेगवेगळे असतात. म्हणजे कुलूप समोर येण्याआधीच शरीर कोट्यवधी किल्ल्या घडवून ठेवतं. आपल्याच शरीरावर उलटणाऱ्या टी पेशी छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत बहुतेक बाद होतात. काही सुटल्या, तर टाइप 1 मधुमेहासारखे आजार होऊ शकतात. म्हणून ‘इम्युनिटी वाढवा’ अशी जाहिरात दिसली की विचारा, नेमकं काय वाढवणार?

जुळणारी किल्ली सापडून तिच्या भरपूर प्रती व्हायला आठवडा किंवा जास्त लागतो. तोवर आपण आजारी. बरे झाल्यावर मात्र काही पेशी आठवण जपून ठेवतात. 1846 मध्ये फेरो बेटांवर गोवराची मोठी साथ आली. डॅनिश डॉक्टर पानुम यांना दिसलं, की 1781 च्या साथीत गोवर होऊन गेलेल्या म्हाताऱ्यांना तो पुन्हा झाला नाही. आठवण 65 वर्षं टिकली होती!

लस हीच आठवण आजाराशिवाय देते. गोवराच्या लशीत दुबळा केलेला विषाणू असतो.

‘गोवर येऊन गेला की मूल घट्ट होतं,’ असं घरोघरी ऐकू येतं. खरं उलट आहे. गोवराचा विषाणू आठवण जपणाऱ्या पेशींवरच हल्ला करतो. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या 77 मुलांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. गोवरानंतर त्यांची इतर जंतूंविरुद्धची 11 ते 73 टक्के प्रतिपिंडं नाहीशी झाली होती. म्हणजे गोवर जातो, पण जाताना जुन्या आजारांना दार उघडून देतो.

2022 च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी आणि मालेगावात गोवराची साथ आली. मुलं दगावली. हे आपल्याच वस्त्यांत घडलं. लशीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा 16 ते 24 महिन्यांत; सरकारी केंद्रात दोन्ही मोफत. त्याहून लहान बाळाला आपल्याकडे ही लस एरवी देत नाहीत. त्याचं रक्षण आजूबाजूच्या मुलांच्या लशीवर अवलंबून असतं.

आज घरी गेल्यावर भाच्याचं, पुतणीचं, शेजारच्या बाळाचं लसीकरणाचं कार्ड बघा. डोस राहिला असेल तर आशाताईंना विचारा आणि आईसोबत केंद्रापर्यंत जा.