म्हातारपणाची पिशवी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला माझ्याकडे सतरंज्या घालण्याचे आणि चहाचे काम असते. यंदा चिटणीसबाईंनी, "चहा दुसरी कोणी करील, तुम्ही बोलायचे," असा हुकूम सोडला. मी सातवीपर्यंत शिकलेली संसारी बाई. वहीत चार गोष्टी लिहून आणल्या आहेत, त्या वाचते. चुकले तर पदरात घ्या.

विषय आहे घरातल्या वडीलधाऱ्यांचे कागद. विषय रूक्ष आहे खरा, पण या कागदांपायी माझ्या घरात काय झाले ते आधी सांगते.

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्यांना श्रावणबाळ योजनेचे पैसे मिळतात. २०२३ सालापासून ते दरमहा १,५०० रुपये झाले. आपल्याला ही रक्कम लहान वाटेल. पण आत्याबाईंना त्यातून तंबाखूची पुडी, नातवाला खाऊ आणि मोहटादेवीच्या जत्रेला स्वतःचे पैसे असतात. कोणापुढे हात पसरावा लागत नाही, हे त्यांचे मोठे सुख.

२०२५ साली एकाएकी पैसे यायचे थांबले. एक महिना, दोन महिने, चार महिने झाले. बँकेत विचारले तर म्हणत, "आले नाहीत." कचेरीत विचारले तर म्हणत, "इथून गेले." पासबुक माझ्या कपाटात आणि व्यवहार माझ्या हाती. एके सकाळी नळावर गेले तेव्हा शेजारच्या बाई एकदम गप्प झाल्या. मागाहून कळले, आत्याबाई ओट्यावर बसून म्हणाल्या होत्या, "पैसे येतात गं, पण माझ्या हातात पडत नाहीत."

बहिणींनो, बावीस वर्षे ज्यांच्या हाताखाली संसार शिकले, त्यांना मी चोर वाटले. त्या रात्री मला जेवण गेले नाही. रागही आला. पण मग वाटले, त्यांना वाचता येत नाही. चार महिन्यांत त्यांना पासबुक उघडून एकदा तरी वाचून दाखवले होते का मी? नव्हते दाखवले.

मधल्या काळात एक गृहस्थ दारात आले. "पाचशे रुपये द्या, चालू करून देतो," म्हणाले. मी दिले नाहीत. पुन्हा बँकेत गेले, तेव्हा एका तरुण कारकुनाने विचारले, "आजींचे आधार कोणत्या खात्याला जोडले आहे?" तेव्हा उलगडा झाला. २०२५ च्या सुरुवातीपासून सरकारने हे पैसे थेट आधार जोडलेल्या खात्यात टाकायला सुरुवात केली होती. आत्याबाईंचे एक दुसरे खाते फार पूर्वी गॅसच्या वेळी उघडले होते आणि आधार जोडलेले होते त्याला. आम्ही ते विसरूनही गेलो होतो. चारही महिन्यांचे ६,००० रुपये तिथे सुखरूप पडून होते.

पासबुक भरून घरी आणले, आत्याबाईंसमोर बसले आणि एकेक ओळ वाचून दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी मात्र शेजारच्या ओट्यावर जाऊन सांगून आल्या, "पैसे सापडले. सुनेबद्दल मी वावगं बोलले." मला म्हणाल्या, "पोरी, ही कागदांची पिशवी तूच ठेव." मी म्हटले, "नाही आत्याबाई, पिशवी तुमच्याच खुंटीला राहील. मी फक्त वाचून दाखवीन."

तेव्हापासून मी माहिती गोळा करीत आहे. ती आपल्यालाही उपयोगी पडावी म्हणून सांगते.

पहिली गोष्ट पिशवीची. तिच्यात आधार कार्ड, रेशनकार्ड, वयाचा दाखला, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, सगळी पासबुके आणि दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच असावी. आधारवरचे वय चुकीचे असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्यावे. जुन्या माणसांपैकी कितीतरी जणांची जन्मतारीख १ जानेवारीच लिहिलेली असते, आणि साल चुकले की हक्काचे पैसे पाच-पाच वर्षे लांबतात.

दुसरी गोष्ट, विचारायचे कोठे? निराधार आणि श्रावणबाळ या योजनांसाठी तहसील कचेरीत संजय गांधी योजनेची शाखा असते. श्रावणबाळसाठी वय ६५ पूर्ण लागते, महाराष्ट्रात १५ वर्षांचा रहिवास लागतो, आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो. पुढे वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला की पैसे अडकतात. आपल्या तालुक्यात हे जास्त घडते. दसरा-दिवाळी झाली की कर्ती माणसे कोयते घेऊन ऊसतोडीला जातात आणि घरी उरतात म्हातारी माणसे नि शाळेतली नातवंडे. दाखल्याचे काम निघते ते नेमके लेक-सून कारखान्यावर असताना. अशा वेळी शेजारणीने एक दिवस काढला, तर त्या आजीचे वर्षाचे पैसे वाचतात.

अर्ज दिला की पोच घ्यावीच. २०१५ साली आपल्या राज्यात लोकसेवा हक्काचा कायदा झाला. उत्पन्नाचा किंवा रहिवासाचा दाखला किती दिवसांत द्यायचा हे त्यात ठरलेले आहे. मुदतीत काम झाले नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. पण हातात पोच नसेल तर आपले बोलणे वाऱ्यावर जाते. वाचता येणारे कोणी घरी नसेल, तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा फोन आहे. त्याला पैसे पडत नाहीत. मात्र उलट कोणी आपल्याला फोन करून ओटीपी किंवा खात्याचा आकडा मागितला, तर सरळ फोन ठेवून द्यावा.

तिसरी गोष्ट प्रवासाची आणि औषधपाण्याची. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना एस. टी. चा प्रवास मोफत झाला. ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धे तिकीट आहे. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, गरीब असो वा श्रीमंत, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. ही सोय ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. त्यावर योजनेतील दवाखान्यात कुटुंबाला मिळून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार होतात. कार्ड आजारी पडण्याआधी काढावे. आग लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही.

चौथी गोष्ट कराची. तुम्ही म्हणाल, आमच्या घरी कसला इन्कमटॅक्स? पण मास्तरांच्या मागे त्यांच्या बाईंनी बँकेत ठेव ठेवलेली असते आणि तिच्या व्याजातून परस्पर कर कापला जातो. १ एप्रिल २०२५ पासून साठी ओलांडलेल्यांचे एका बँकेतील वर्षाचे व्याज एक लाखाच्या आत असेल, तर कर कापत नाहीत. व्याज त्याहून जास्त आहे पण एकूण उत्पन्नावर करच लागत नाही, असे असेल तर बँकेत तसे लिहून देण्याचा अर्ज मिळतो. तो दरवर्षी नव्याने द्यायचा. आणि कापला गेलाच, तर विवरणपत्र भरून परत मागता येतो.

शेवटची गोष्ट सर्वांत नाजूक, म्हणजे जमिनीची आणि घराची. माया ओसंडते आणि म्हातारे माणूस जिवंतपणीच बक्षीसपत्र करून मोकळे होते. बक्षीसपत्र एकदा नोंदले की सहसा फिरत नाही. मृत्युपत्राचे तसे नाही. ते जिवंत आहोत तोवर कितीदाही बदलता येते. त्याला स्टॅम्प लागत नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. बक्षीसपत्र करायचेच असेल तर "सांभाळ करील या अटीवर देत आहे" असे त्यातच लिहून घ्यावे. २००७ साली आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा झाला आणि आपल्या राज्यात तो २००९ पासून लागू आहे. त्यात असे आहे, की सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न केल्यास परत मिळवता येते. मात्र अट होती हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली एका निकालात सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने मध्य प्रदेशातील एका आईला मुलाला दिलेले घर परत दिले. तिच्याजवळ मुलाने सांभाळाचे लिहून दिलेले वचनपत्र होते.

स्वतःच्या कमाईवर भागत नसलेल्या आईवडिलांना प्रांतसाहेबांपुढील न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करता येतो. वकील लागत नाही. मुलाप्रमाणे मुलीवरही जबाबदारी आहे. दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह मिळू शकतो, आणि ९० दिवसांत निकाल द्यावा असा नियम आहे. बाईमाणसाला कोर्टातील विधी सेवा समितीकडून फुकट सल्ला आणि वकील मिळतो. त्याला उत्पन्नाची अट नाही.

हे ऐकून कोणाला वाटेल, ही बाई घराघरांत भांडणे लावायला उभी राहिली. तसे नाही. माझ्या घरातले भांडण माहिती नसल्यामुळे लागले आणि पासबुक वाचून दाखवल्यावर मिटले. आजच्या सुना उद्याच्या सासवा आहेत. आपलीही पिशवी एक दिवस खुंटीला लागणार आहे.

मंडळाला माझी एकच विनंती आहे. महिन्यातून एक दुपार भजनानंतर तासभर ठेवावी. म्हाताऱ्या माणसांनी आपली पिशवी घेऊन यावे आणि ज्या वाचू शकतात त्यांनी वाचून दाखवावे. पैसा लागणार नाही. सतरंज्या मी घालीन, चहाही करीन.

 आत्याबाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांनी मला ही गोष्ट चारचौघांत सांगण्याची परवानगी दिली, म्हणून त्यांना नमस्कार करते आणि आपली रजा घेते.